मजुरी कुणाच्या हातात?

‘कुली’ ही शिवी आहे. गायुत्रा बहादूर यांनी ती मुद्दाम आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात ठेवली: ‘कुली वुमन’ (२०१३). त्यांची पणजी सुजारिया १९०३ साली कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाला गेली. एकटी, गरोदर, ऊसमळ्याच्या गिरमिटावर. जातीने ब्राह्मण. त्या मळ्यांत चांभार बायाही त्याच उसात राबत.

या बायांनी लिहून काही ठेवले नाही. म्हणून लेखिका ओळीमागून ओळ नुसते प्रश्नच विचारते. मला हे प्रामाणिक वाटले. आपल्या आयाबायांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी ही रीत जरूर पाहावी.

दर १०० पुरुषांमागे ४० बाया, असा सरकारी दंडक होता. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी. पण ती तिच्या हातात पडे, आणि नकोसा पुरुष ती सोडू शके. त्याची शिक्षा कित्येकींना कोयत्याने मिळाली. वर दोष त्यांच्याच चारित्र्याला.

पुढे गिरमिट संपले, घर ‘सावरले’ म्हणतात. रोडा रेडॉक यांनी १९८५ सालीच मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्रिनिदादपुरते दाखवले होते, की या सावरण्यात बाई पुन्हा नवऱ्याच्या ताब्यात गेली. घरच्या भातशेतीत ती राबतच राहिली; मजुरी तेवढी गेली. ती परत मिळवायला शाळा यावी लागली. २०१० साली पंतप्रधान झालेल्या कमला प्रसाद-बिसेसर आधी शिक्षिका, मग वकील होत्या.

एका ठिकाणी मात्र मला आणखी पाने हवी होती. बोटीवर जात बुडाली, असे सांगतात. मग तिकडेही लग्न लावायला ब्राह्मणच का लागत राहिला?