स्मरणरंजनाचा हिशेब

'स्मरणरंजन' हा शब्द आपल्या समीक्षेत बहुधा नाक मुरडूनच येतो. जॉर्ज लुकासचा 'अमेरिकन ग्राफिटी' (१९७३) पाहिल्यावर मला तो न्याय अपुरा वाटला. १९६२ मधील मोडेस्टो गावची एक रात्र. 'मेल्स ड्राइव्ह-इन'पुढे उभ्या मोटारी, चाकांचे बूट घालून खाणे आणून देणाऱ्या मुली, गाणी. सारे गोड. शेवटी मात्र चार मित्रांचे भवितव्य चार ओळींत पडद्यावर उमटते: एक अपघातात गेला, एक व्हिएतनाममध्ये बेपत्ता. या ओळींमुळेच आधीच्या गोडव्याला वजन येते. पण मुलींचे पुढे काय झाले, याविषयी अक्षरही नाही. आपल्या दिवाळी अंकांतल्या बालपणीच्या आठवणींतही आई-बहिणी चकल्या तळतात आणि परिच्छेदाबाहेर जातात. त्यांची ओळ कोण लिहिणार?