'मानधन' : अर्थविचार आणि मतदान कर्मचाऱ्यांचा मोबदला

निवडणुकीच्या कामाबद्दल दिल्या जाणाऱ्या रकमेस मराठी प्रशासनव्यवहारात 'मानधन' म्हणतात. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या अर्थाची झडती घ्यावी असे सहसा कोणास सुचत नाही. वस्तुतः मतदान कर्मचाऱ्यास किती द्यावे, या प्रश्नाचा बराचसा गुंता या शब्दातच आहे.

संस्कृतात 'मानधन' हा बहुव्रीही आहे : मान हेच ज्याचे धन, तो. भारवीने 'किरातार्जुनीया'च्या पहिल्या सर्गात दुर्योधनाच्या धनुर्धरांस हे विशेषण लावले आहे; आणि लगतच्याच विशेषणात त्यांचा धनानेही सत्कार झाल्याचे सांगितले आहे. मान निराळा, धन निराळे, आणि दोन्ही दिलेली. आधुनिक मराठीत हाच समास तत्पुरुष झाला : मानादाखल दिलेले धन. माणूस गळला, रक्कम उरली. आता हा शब्द 'बिदागी'च्या पंक्तीस बसतो. बिदागी देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि तीवर घासाघीस करणे असभ्य ठरते. 'मजुरी', 'मेहनताना' या शब्दांत श्रमाची जाणीव असल्याने किती श्रमांचे किती, हा प्रश्न निदान संभवतो. 'मानधना'पुढे तो विचारणेच अप्रशस्त वाटते. गंमत अशी की, केंद्र शासनाच्या मूलभूत नियमांत 'ऑनरेरियम'ची व्याख्या नैमित्तिक स्वरूपाच्या विशेष कामाचा मोबदला अशी आहे. मराठी प्रतिशब्दाने त्यातील कामही झाकले आणि मोबदलाही.

कायद्याकडे वळल्यास हीच उणीव दुसऱ्या रूपाने दिसते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 160 अन्वये निवडणुकीसाठी इमारती व वाहने अधिग्रहित करता येतात. त्यांची भरपाई कशी ठरवावी, हे कलम 161 तपशिलाने सांगते : इमारतीस त्या परिसरातील तशाच जागेचे भाडे, वाहनास तेथील प्रचलित दर, आणि रक्कम अमान्य असल्यास लवादाकडे जाण्याची मुभा. मनुष्यबळ मागविण्याची तरतूद कलम 159 मध्ये आहे (तीत विद्यापीठांचाही उल्लेख आहे, हे प्रस्तुत वाचकांनी ध्यानात घ्यावे). तेथे मोबदल्याचे कोणतेच माप दिलेले नाही. जीपगाडीस परिसराचा दर आहे; तीत बसून केंद्रावर जाणाऱ्यास नाही.

निवडणूक आयोगाने 2025 मध्ये मतदान केंद्राध्यक्षाचा दर दिवसाला 350 रुपयांवरून 500 आणि मतदान अधिकाऱ्याचा 250 वरून 400 रुपये केला. आधीचे दर 2014 ते 2016 च्या दरम्यानचे होते. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु येथील 'दिवस' हे एकक तपासले पाहिजे. मतदानाच्या आदल्या सकाळी साहित्य ताब्यात घ्यावयाचे, रात्र केंद्रावर काढावयाची, मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान घ्यावयाचे, संध्याकाळी यंत्रे मोहोरबंद करून ती पोचती करावयाची. पंचांगाप्रमाणे हे दोन दिवस; श्रमाच्या दृष्टीने ती एकच अखंड पाळी होय, आणि तिचा हिशेब तासांनी होणे अधिक न्याय्य ठरेल. जाता जाता नोंदवावयाचे म्हणजे, कर्तव्यात कसूर केल्यास कलम 134 प्रमाणे होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादाही 500 रुपयेच आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कर्मचाऱ्यास त्या दिवसांचे मूळ वेतन मिळतच असते. वरची रक्कम श्रममूल्य नसून सोयीसाठी दिलेली भर आहे. पूर्णवेळ वेतन घेणाऱ्या शिक्षकाच्या वा प्राध्यापकाच्या बाबतीत हे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करावे लागते. परंतु मतदारयाद्यांचे काम करणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांत अंगणवाडी सेविकाही असतात. या अधिकाऱ्यांचे वार्षिक मानधन 2015 नंतर प्रथमच, 2025 मध्ये, 6,000 वरून 12,000 रुपये करण्यात आले, म्हणजे महिन्यास 1,000 रुपये. सेविकेचा मूळ मोबदलाही 'मानधन'च म्हणविला जातो. ज्या वेतनावर ही भर पडावयाची, त्यास वेतन हे नावच नाही. आक्षेपाचा आधार येथे सुटतो. अंगणवाडी सेविकांना उपदान देय आहे, असा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये त्यांचे मानधन उपदान अधिनियमातील 'वेतना'च्या व्याख्येत मोडते, असे म्हटले आहे.