भारत सेवक समाजाची संस्थारचना : एक चिकित्सा

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या घटनेत ‘प्रथम सदस्य’ हे पद केंद्रस्थानी होते. सदस्यांच्या सात प्रतिज्ञांपैकी एक कोणाशीही वैयक्तिक कलह न करण्याची होती. अशा व्रतस्थतेतून संस्थेला शिस्त लाभते. परंतु तात्त्विक मतभेदांचा निर्णय व्रताने होत नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले निवर्तल्यावर गांधीजींच्या प्रवेशाबाबत सदस्यांत दोन तट पडले. अखेर गांधीजींनीच अर्ज मागे घेतला. पेच अर्जदाराच्या सौजन्याने मिटला आणि घटनेची कसोटी लागलीच नाही. म्हणून स्वयंसेवी संस्थेच्या रचनेचे मूल्यमापन करताना सदस्यांच्या त्यागाइतकेच, संस्थापकाच्या पश्चात निर्णयाधिकार कोणाकडे व कोणत्या पद्धतीने जातो, हेही तपासणे अगत्याचे ठरते.