जॉस मूडीचा पुरुषवेष

संगीतासाठीं पुरुषवेष घेणारी स्त्री हा कथावाङ्मयांतील परिचित विषय होय. त्याचा सांचाही ठरलेला आहे: स्त्रीला वादनाची बंदी, म्हणून वेषांतर, पुढें उघडकीस येण्याची भीति, आणि शेवटीं वेष उतरून सत्याचा विजय. स्कॉटिश लेखिका जॅकी के यांची 'ट्रम्पेट' ही कादंबरी १९९८ सालीं प्रसिद्ध झाली व त्याच वर्षीं तिला गार्डियन पत्राचें पारितोषिक मिळालें. ती हा सांचा मोडते, म्हणून तिचा येथें विचार करावयाचा आहे.

कथेचें मूळ सत्य घटनेंत आहे. अमेरिकन जॅझ-वादक बिली टिप्टन १९८९ सालीं स्पोकेन येथें वारले. पन्नासांहून अधिक वर्षें पुरुष म्हणून जगलेल्या या वादकाचें शरीर स्त्रीचें होतें, हें त्यांच्या दत्तक मुलांसही तेव्हांच कळलें. के यांनीं ही हकीकत ब्रिटनमध्यें नेली. त्यांचा कृष्णवर्णी नायक जॉस मूडी हा जन्मानें जोसेफीन. कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर सुरू होते. पत्नी मिलीला सर्व ठाऊक होतें. दत्तक पुत्र कोलमनला कांहींच ठाऊक नव्हतें.

जॉसनें हें कां केलें? संगीतासाठीं, असें उत्तर वाचक मनांत धरून बसतो. लेखिका तें देत नाहींत. संगीतावरील प्रकरणांत वाजवितां वाजवितां जॉसचें शरीर, भूतकाळ, लिंग सारें गळून पडतें. वेषाचें कारण म्हणून आपण जें संगीत धरलें, त्यांतच वेषाचा प्रश्न नाहींसा होतो. समाजास मात्र दाखला हवा असतो. डॉ. कृष्णमूर्ति मृत्यूच्या दाखल्यावरील 'पुरुष' हा शब्द खोडून तांबड्या शाईनें 'स्त्री' लिहितात, हा प्रसंग अत्यंत संयमानें लिहिलेला आहे.

मराठी वाचकास ही अडचण अधिकच बोंचेल. इंग्रजी क्रियापदास लिंग नसतें; आपल्याकडे 'मी गेलों' कीं 'मी गेलें' हें पहिल्याच वाक्यांत ठरवावें लागतें. हें परीक्षण लिहितांना आम्हांसही तें ठरवावें लागलें. आम्हीं मिलीचें अनुकरण केलें; तिच्या लेखीं जॉस अखेरपर्यंत 'तो'च आहे.

कादंबरींत दोष आहेत. जॉसच्या आयुष्याचा बाजार मांडूं पाहणारी पत्रकार सोफी स्टोन्स ही निंदेसाठीं उभें केलेलें बुजगावणें वाटते. वादकाच्या मेहनतीचें चित्रही फार थोडें आहे. रियाजाचें मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकास ही उणीव जाणवेल. तथापि कोलमनचा संताप हळूहळू निवळूं लागतो, आणि शेवटीं पित्याचें पत्र येतें. त्यांत जॉस आपल्या वेषाचा खुलासा करीत नाहीं. आफ्रिकेंतून स्कॉटलंडला आलेल्या आपल्या वडिलांची हकीकत तो सांगतो, आणि स्वतःचे कागद मुलाच्या हवालीं करतो. त्याला समजून घेण्याचें काम आतां मुलाचें. आणि पुस्तक मिटल्यावर तें वाचकाकडेही येतें.