शास्त्रीय सॉफ्टवेअर आणि इन्स्टॉलरचा प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना अभ्यासकास चार गोष्टींची मोकळीक देतो : सॉफ्टवेअर चालविण्याची, त्याचा अभ्यास करण्याची, त्यात बदल करण्याची आणि ते इतरांस देण्याची. ह्यांपैकी पहिली मोकळीक सर्वांत सुलभ, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु अनेक विद्यार्थ्यांची अडवणूक नेमकी तेथेच होते. आपल्या संगणकावर जे सुरूच करता येत नाही, ते अभ्यासण्याचा वा बदलण्याचा अधिकार मिळून उपयोग कोणता? म्हणून सॉफ्टवेअर संगणकावर बसवून देणारा इन्स्टॉलर हे निव्वळ बाह्य वेष्टन मानावयाचे, की शास्त्रीय कार्याचेच एक अंग मानावयाचे, हा प्रश्न विचारात घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकांस 'प्राट' परिचित आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा व डेव्हिड वीनिंक ह्यांनी ते घडविले. विंडोजवर ते एकाच फाइलच्या रूपाने येते. ती उतरवून घ्यावी आणि उघडावी, एवढेच काम. त्यास लागणारी इतरांची साधने कर्त्यांनी त्या एकाच फाइलमध्ये अंतर्भूत केलेली आहेत. मराठीतील म्ह, न्ह, ल्ह ह्या ध्वनींचे वर्णलेख पाहू इच्छिणारा विद्यार्थी पहिल्याच तासाला आपल्या विषयाकडे वळू शकतो. हे सौकर्य आपोआप लाभलेले नाही. विद्यार्थ्याचे श्रम कर्त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले, असाच त्याचा अर्थ आहे.

दुसरे उदाहरण 'सेजमॅथ' ह्या गणिती प्रणालीचे. विल्यम स्टाइन ह्यांनी ती २००५ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. मॅथेमॅटिका, मेपल, मॅटलॅब व मॅग्मा ह्या प्रणालींना मुक्त व समर्थ पर्याय निर्माण करणे हे तिचे घोषित ध्येय. जे अगोदरच उत्तम रीतीने झालेले आहे ते पुन्हा न करता एकत्र आणावे, हे तिचे धोरण. त्यानुसार पारी, गॅप, मॅक्सिमा, सिंग्युलर आदी स्वतंत्र परंपरांत वाढलेली साधने तीत एकत्र नांदतात. हे धोरण हाच सेजमॅथचा मोठा गुण होय. आणि तिच्या इन्स्टॉलरची अडचणही त्यातूनच उद्भवते. ह्यांतील बरीच साधने युनिक्सच्या वातावरणात घडलेली असल्यामुळे विंडोजवर ती सहजासहजी बसत नाहीत.

प्रारंभी विंडोजच्या वापरकर्त्यास ह्यासाठी संगणकात एक आभासी यंत्र उभारावे लागे. २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर सिगविनवर आधारलेला इन्स्टॉलर उपलब्ध झाला, आणि नेहमीप्रमाणे दोनतीन कळा दाबून सेजमॅथ सुरू करणे शक्य झाले. ह्या कार्यास 'ओपनड्रीमकिट' ह्या युरोपीय प्रकल्पाचे साहाय्य होते. तो प्रकल्प २०१९ मध्ये समाप्त झाला. इन्स्टॉलरची वाटही पुढे बंद झाली. आता विंडोजमध्ये लिनक्सचे उपांग बसवून, काळ्या खिडकीत आज्ञा टंकित करून सेजमॅथ मिळवावे लागते. ते उपांग मायक्रोसॉफ्टनेच पुरविलेले असल्यामुळे सिगविनची निकड कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि निष्णात माणसाची सोय झाली म्हणजे नवशिक्याचीही झाली, असे ठरत नाही.

मॅकची कथा वेगळी आहे. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून, ॲपलकडून तपासून न घेतलेले व बाहेरून उतरविलेले सॉफ्टवेअर ती प्रणाली सहसा उघडू देत नाही. आणि तपासणीसाठी ९९ डॉलरची वार्षिक वर्गणी भरून नोंदणी करावी लागते. सेजमॅथचे असे प्रमाणित रूप त्रिमितीय बहुगुणितांच्या भूमितीत संशोधन करणारे गणितज्ञ स्वतंत्रपणे सिद्ध करून देतात. म्हणजे तेथे दार उघडे आहे, ते कोणी तरी पदरचे श्रम खर्चून ते उघडे ठेवले आहे म्हणून.

सुलभ इन्स्टॉलरविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो. तो घटकांच्या आवृत्त्या झाकून टाकतो; विद्यार्थ्यास आपण नेमके काय चालवीत आहोत हे कळत नाही, आणि निष्कर्षांची पुनःपडताळणी दुष्कर होते. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचा रोख सुलभतेवर नसून अपारदर्शकतेवर आहे. प्रत्येक घटकाची आवृत्ती नोंदवून एकत्र बांधलेला संच हा उलट पडताळणीस साहाय्यभूतच ठरतो; कारण दहा विद्यार्थ्यांच्या दहा संगणकांवर एकच वस्तू असल्याची खात्री त्यामुळे देता येते.

ह्या दृष्टीने पाहता सेजमॅथचे मूल्यमापन तिच्याच ध्येयाच्या कसोटीवर करावयास हवे. ज्या प्रणालींना पर्याय म्हणून ती उभी राहिली, त्या विंडोजवर तयार इन्स्टॉलरसह मिळतात. गणिती सामर्थ्याच्या बाबतीत सेजमॅथने आपले वचन बव्हंशी पाळले; पण विंडोजवरील प्रथम प्रवेशाच्या बाबतीत ते अपुरे राहिले आहे. दोष मात्र केवळ कर्त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नवे गणनतंत्र रचणाऱ्यास शोधनिबंध लाभतो. इन्स्टॉलर दरवर्षी दुरुस्त करणाऱ्यास बहुधा काहीच लाभत नाही. प्रकल्पाच्या द्रव्याने इन्स्टॉलर एकदा निर्माण होतो, परंतु कार्यप्रणाली बदलत राहतात आणि त्याची निगा कधी संपत नाही.

हस्तलिखितांची सूची करणाऱ्याचे काम हे संशोधन होय की नव्हे, असा वाद विद्याक्षेत्रास नवा नाही. सूचीवाचून हस्तलिखित असून नसल्यासारखे राहते, हे ध्यानात आल्यावर त्या कामास हळूहळू प्रतिष्ठा मिळाली. इन्स्टॉलरच्या कामासही तशीच मान्यता आणि निगेसाठी स्थायी तरतूद मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत मुक्त सॉफ्टवेअरचा लाभ, ज्यांना त्याची गरज सर्वांत कमी आहे अशा निष्णातांनाच प्रथम होत राहील.