शिंदे घराण्याचा आवाज : भीमगीत ते नृत्यगीत

फिलाडेल्फियातील ‘सिस्टर स्लेज’ या चार बहिणींच्या ‘वुई आर फॅमिली’ (१९७९) या अल्बममध्ये सोल व डिस्को यांचा मेळ आहे. चर्चमधील समूहगायनाचा संस्कार नृत्यगीतातही टिकून राहतो, हे तेथे जाणवते. मराठीत याच दृष्टीने प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) व त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांच्या गायनाचा विचार व्हावयास हवा. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते, कव्वाल्या व विठ्ठलगीते एकाच खुल्या, चढ्या आवाजात गायिली. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी ज्या समाजाला अडविले गेले, त्याच समाजातील या गायकाची सत्यनारायणाची कथा पुढे घरोघरी पूजेला वाजू लागली. कॅसेटच्या काळात आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ गाजले, तेव्हा मात्र सुशिक्षित अभिरुचीने नाक मुरडले. अशा काही गीतांची शब्दकळा उथळ आहे, हे मान्यच करावे लागेल; परंतु तो दोष आवाजाचा नव्हे. त्यांच्या आवाजाची फेक पित्याचीच आहे, ताल तेवढा बदलला. भीमजयंतीच्या मंचावरही हाच गळा गातो.