तेवीस नमुने आणि सुटलेला माणूस

'डिझाइन पॅटर्न्स' (१९९४) मला आजही मोलाचं वाटतं. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचनेचे त्यातले २३ नमुने कोड बदलायला सोपा कसा ठेवावा, हे नेमकं शिकवतात. पण नमुन्यांची मूळ कल्पना वास्तुरचनाकार क्रिस्टोफर अलेक्झांडर यांची. त्यांच्या 'अ पॅटर्न लँग्वेज'मध्ये (१९७७) २५३ नमुने आहेत आणि केंद्रस्थानी आहे तिथे राहणारा माणूस. खोलीत दोन बाजूंनी उजेड हवा, कारण एकाच बाजूच्या उजेडात समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव नीट दिसत नाहीत. 'डिझाइन पॅटर्न्स'चा निकष मात्र कोड सांभाळणाऱ्याची सोय. १९९६ साली प्रोग्रामरांच्या परिषदेत अलेक्झांडर यांनी विचारलंच: या नमुन्यांनी माणसांचं जगणं सुधारतं का? इंटरव्ह्यूसाठी आपण २३ नावं घोकतो. हा प्रश्न अजून सिलॅबसबाहेरच आहे.